सुटलेला प्रवाह : आकडा कुणाचा धरायचा?

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात व्हॉल्व्हच्या डिझाइनला आहे. सीटच्या (झडप जिथे बसते त्या कडेच्या) पुढे पाण्याची वाट एकदम रुंद होते. तिथला प्रवाह संगणकावर काढताना के-एप्सिलॉन आणि के-ओमेगा एसएसटी ही घुसळणीची (टर्ब्युलन्सची) दोन मॉडेलं दोन वेगळी उत्तरं देतात. कुठलं धरू? की सरळ एलईएसच (मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवायची पद्धत) करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एलईएसला आत्ताच हात घालू नका. आधी व्हॉल्व्ह बाजूला ठेवा आणि जिचं उत्तर प्रयोगात मोजलेलं आहे ती साधी पायरी (तळ एकदम खाली उतरतो अशी वाट) दोन्ही मॉडेलांवर चालवा. ड्रायव्हर आणि सीगमिलर या संशोधकांनी १९८५ मध्ये ती मोजली. पायरीच्या कडेवर भिंत सोडून सुटलेला प्रवाह पायरीच्या उंचीच्या सुमारे सव्वासहा पट अंतरावर पुन्हा तळाला टेकतो. साधं के-एप्सिलॉन बऱ्याचदा त्याला पाच-साडेपाच पटींवरच टेकवतं, कारण ते घुसळण जास्त धरतं. मेंटरने १९९४ मध्ये मांडलेलं एसएसटी घुसळणीतून येणाऱ्या ताणाला लगाम घालतं, म्हणून ते सव्वासहाच्या बरंच जवळ येतं. तुमचं येत नसेल तर पहिला संशय मेशवर (गणितासाठी प्रवाहाचे छोटे सेल पाडणाऱ्या जाळीवर) घ्या: भिंतीलगतच्या पहिल्या सेलचा वाय-प्लस (भिंतीपासूनच्या अंतराचा एककरहित आकडा) १ च्या आसपास आहे का?

सीटची कड धारदार असेल तर प्रवाह कुठे सुटणार ते ठरलेलंच असतं. कास्टिंगमध्ये तीच कड गोल आली की सुटण्याची जागाही मॉडेलनेच शोधायची. इथे के-एप्सिलॉन उशिरा सुटतं, कधी कधी सुटतच नाही. त्यामुळे या कामाला मी ते वापरू देणार नाही. अर्थात एसएसटीही निर्दोष नाही. नासाच्या चाचणीतल्या गुळगुळीत उंचवट्यावर ते सुटण्याची जागा चांगली पकडतं, पण टेकण्याची जागा बरीच पुढे ढकलतं.

नुसता दाबातला फरक हवा असेल तर एसएसटी घ्या आणि टेस्ट बेंचवरच्या दाबाशी ताडून बघा. व्हॉल्व्ह थरथरतो, आवाज करतो अशी तक्रार असेल तर गोष्ट वेगळी. पंचगंगेला पाणी चढलं की शिवाजी पुलाच्या खांबामागे बघा: फेस उलटा खांबाकडे येतो आणि भोवरे सुटत राहतात. सरासरीवर चालणारं मॉडेल, म्हणजे एसएसटीसुद्धा, हे भोवरे पुसून टाकतं. तिथे डीईएस हवं. भिंतीलगत सरासरी, बाहेर मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवायचे, ही पद्धत स्पालार्ट आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडली. वापरताना मात्र २००६ ची सुधारित डीडीईएस निवडा. मूळ पद्धतीत भिंतीलगत मेश अर्धवट बारीक झाली की प्रवाह खोटाच सुटायचा, आणि तुमच्या गोल कडेवर नेमकी तीच चूक महागात पडेल.