फिगर स्केटिंगमध्ये निकाल आधीच ठरलेला असतो का? २०१४ साली युना किमचं सुवर्ण ढापलं गेलं का?

तुम्ही लिहिलंय की सोची ऑलिंपिकचे दोन्ही व्हिडिओ पाहिले. दक्षिण कोरियाची युना किम बर्फावर तरंगत गेली, रशियाची अडेलिना सोत्निकोव्हा एका उडीनंतर अडखळली, तरी सुवर्ण सोत्निकोव्हाला. मग याला खेळ तरी का म्हणायचं, असा तुमचा सवाल.

आधीच सांगून टाकते, मी युनाच्या पार्टीची. २० फेब्रुवारी २०१४ ला आपल्याकडे मध्यरात्र उलटली होती. लॅपटॉपवर कुठलीतरी लिंक, दर दोन मिनिटांनी ते गोल चक्र फिरत बसायचं. युना सगळ्यात शेवटी उतरली. गुण आले १४४.१९, आणि मी "चोर! चोर!" म्हणून एवढ्या जोरात ओरडले की आई धावत आली, तिला वाटलं खरंच कोणी घरात शिरलंय. त्यामुळे पुढचं सगळं वाचताना हे लक्षात असू द्या.

"ढापलं" हा शब्द मी २००२ ला बिनदिक्कत वापरते. २०१४ ला वापरताना आता जीभ थोडी अडते.

२००२, सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिक, जोड्यांची स्पर्धा. रशियाच्या बेरेझनाया-सिखारुलिद्झे जोडीत सिखारुलिद्झे एका डबल अ‍ॅक्सल या उडीच्या लँडिंगला डगमगला. कॅनडाच्या सॅले-पेलतिए जोडीने एकही चूक केली नाही. निकाल ५-४ ने रशियाकडे. रशिया, चीन, पोलंड, युक्रेन आणि फ्रान्सचे जज एका बाजूला. अमेरिका, कॅनडा, जर्मनी आणि जपानचे दुसऱ्या. फ्रान्स सोडला तर शीतयुद्धाचा नकाशाच. आणि नेमकं त्या फ्रान्सनेच भांडं फोडलं. जज मारी-रेन ल गून हिने आपल्यावर आपल्याच देशाच्या स्केटिंग फेडरेशनच्या अध्यक्षाचा, दिदिए गेल्हागेचा, दबाव होता असं सांगितलं. सौदा असा म्हणे की जोड्यांत रशियाला मत द्या, आइस डान्समध्ये फ्रेंच जोडीला मतं मिळतील. नंतर तिने शब्द फिरवला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली, आठवडा उलटायच्या आत कॅनडालाही दुसरं सुवर्ण देण्यात आलं. गेल्हागे पुढे काही वर्षांनी परत त्याच खुर्चीत बसला. आपल्याकडे कुठल्याही क्रीडा संघटनेच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

या सगळ्यात येलेना बेरेझनायाबद्दल कोणी बोलत नाही. १९९६ मध्ये सरावात आधीच्या जोडीदाराच्या स्केटचं पातं तिच्या डोक्यात घुसलं होतं. तिला बोलायलासुद्धा नव्याने शिकावं लागलं. तिथून ती ऑलिंपिक सुवर्णापर्यंत पोचली आणि जगाला ती आठवते ती "घोटाळ्यातली रशियन" म्हणून. तिने काय केलं होतं? आपला कार्यक्रम केला होता, बस.

त्या प्रकरणाने सहापैकी गुण द्यायची जुनी पद्धत गेली आणि आजची आली. आता प्रत्येक उडीला, गिरकीला ठरलेली मूळ किंमत असते. ती कशी केली त्यावर जज अधिक-उणे करतात. तेव्हा तीनपर्यंत, २०१८ पासून पाचपर्यंत. उडीत पूर्ण फेरे झाले का, पात्याची कडा बरोबर होती का, हे वेगळं तांत्रिक मंडळ रिप्ले बघून ठरवतं. याशिवाय स्केटिंगचा दर्जा, सादरीकरण, रचना असे रकाने, ज्यांना कॉम्पोनंट म्हणतात. नऊ जज, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा काढून उरलेल्यांची सरासरी. ऐकायला अगदी चोख.

आता सोचीचा कागद उघडूया. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीत, युना ७४.९२, सोत्निकोव्हा ७४.६४, म्हणजे बरोबरीच. फ्री स्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या मोठ्या फेरीत, सोत्निकोव्हाच्या सगळ्या घटकांची मूळ किंमत ६१.४३, युनाची ५७.४९. जवळजवळ चार गुणांचा फरक बर्फावर उतरायच्या आधी कागदावरच आहे, कारण सोत्निकोव्हाने सात ट्रिपल (हवेत तीन फेऱ्यांच्या उड्या) लावल्या होत्या आणि युनाने सहा. हे कोणा जजच्या हातात नाही. ती अडखळली त्याचे गुण कापलेही गेले, पण बाकी सगळ्याचे वर चढले आणि अधिक-उणे धरून तिला १४.११ जास्तीचे मिळाले, युनाला १२.२०. इथे कुरकुर करता येईल, पण दरोडा म्हणवत नाही.

माझी आग होते ती पुढच्या ओळीपाशी. कॉम्पोनंट, ८० पैकी: युना ७४.५०, सोत्निकोव्हा ७४.४१. फरक नऊ शतांश.

दोघींचे पाय बघा. युना एका ढकलण्यात अर्धा रिंक पार करते, उडीच्या आधी आणि नंतर वेग तसाच, हात कुठे संपतो आणि संगीत कुठे सुरू होतं कळत नाही. सोत्निकोव्हा जोशात होती, घरचं प्रेक्षागृह डोक्यावर घेऊन नाचत होतं, पण उड्यांच्या मध्ये ती बरेचदा नुसती पळते. महिनाभर आधी युरोपियन स्पर्धेत तिचे एकूण गुण होते २०२.३६, आणि तिथे ती रशियाच्याच पंधरा वर्षांच्या लिपनित्स्कायाच्या मागे दुसरी आली होती. सोचीत २२४.५९. उड्या महिन्याभरात सुधारू शकतात. स्केटिंगचा दर्जा महिन्याभरात सुधारत नाही हो, त्याला दहा वर्षं लागतात.

मग सौदा झाला होता का? पॅनेल बघितलं तर संशय यावा अशीच व्यवस्था होती. एक जज होती आला शेखोव्त्सोवा, रशियन फेडरेशनचे जुने सर्वेसर्वा वालेंतिन पिसेयेव यांची बायको. निकालानंतर सोत्निकोव्हा तिच्या गळ्यात पडलेली कॅमेऱ्यात दिसली. दुसरा युक्रेनचा युरी बालकोव्ह. नागानो ऑलिंपिक १९९८ मध्ये आइस डान्सचा निकाल आधीच ठरवण्याचं त्याचं फोनवरचं बोलणं कॅनडाच्या जजने टेप केलं होतं, त्याबद्दल त्याला एक वर्षाची बंदी झाली होती. त्याला परत ऑलिंपिकला बसवावं, एवढीही लाज आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनला वाटली नाही. त्यावर कळस म्हणजे तेव्हा कुठल्या जजने किती गुण दिले हे गुप्त असायचं. २००२ नंतर "जजवर फेडरेशनचा दबाव येऊ नये" म्हणून नावं झाकली होती. झालं असं की दबाव आणणाऱ्यांना आतून कळायचं ते कळतच असणार, आंधळे राहिलो ते आपण. २०१६ मध्ये ती गुप्तता काढून टाकली. कोरियात निषेधाच्या अर्जावर १५ लाखांहून जास्त सह्या झाल्या, कोरियन ऑलिंपिक समितीने तक्रार केली, ती फेटाळली गेली.

तरीही एक-दोन माणसांनी एवढा फरक पडत नाही. सरासरीतून टोकाचे आकडे उडतात. म्हणजे मधल्या सगळ्यांनीच हात सैल सोडला होता, आणि त्यासाठी फोन करावा लागत नाही. हे मला कुठून कळलं ते सांगते.

शाळेत मी मल्लखांब करायचे. मनगट दुखावलं त्या वर्षी एका आंतरशालेय स्पर्धेत मला पंचांच्या गुणांच्या चिठ्ठ्या गोळा करायला बसवलं. पहिल्या दहा-बारा मुलांना कोणी आठच्या वर जाईना, "पुढे आणखी चांगले आले तर?" म्हणून. मग गेल्या वर्षीचा विजेता आला. त्याने अजून खांबाला नमस्कारही केला नव्हता आणि एका सरांच्या चिठ्ठीवर ८ आणि त्यापुढे टिंब काढून तयार होतं. फक्त पुढचा आकडा भरायचा राहिला होता. सर लबाड नव्हते, खरंच नव्हते. शिस्तीचे, कोणाचा चहासुद्धा न घेणारे. पण नाव ऐकल्यावर त्यांच्या पेनाने आधीच रस्ता धरला होता.

कॉम्पोनंटमध्ये हेच होतं. मोठं नाव, शेवटचा ग्रुप, घरचा गजर, आत्ताच पडलेली स्वच्छ उडी, हे सगळं रकान्यांत झिरपतं. सादरीकरण ९.२५ तर रचनाही ९.२५, जणू एकच गुण झेरॉक्स काढलाय. आधी असे पाच रकाने होते, २०२२ पासून तीन केले. झेरॉक्सला कागद कमी लागला, एवढंच.

लॉकडाऊनमध्ये मी एक उद्योग केला. दोघींचे फ्री प्रोग्रॅम आवाज बंद करून पाहिले, पुन्हा पुन्हा पाहिले, आणि वहीत कॉम्पोनंटचे गुण स्वतः भरले. तांत्रिक आकड्यांना हात लावला नाही. बेरीज केली तर युना एकूण ०.६ ने जिंकली. मी खूश. मग जाणवलं की तेवढ्यासाठी मला तिला सहा गुणांहून जास्त आघाडी द्यावी लागली होती, आणि ती देणारी जज कोण, तर मध्यरात्री "चोर" म्हणून ओरडलेली बाई. आईला दोन्ही दाखवले. ती म्हणाली, "त्या करड्या झग्यातल्या पोरीला द्या, किती खूश दिसतेय." म्हणजे सोत्निकोव्हा. घरातच १-१.

चाहते म्हणून आपण सगळे असेच. एका उडीचं लँडिंग फ्रेम-फ्रेमने थांबवून लाल रेघा मारतात, "हा फेरा पाव कमी आहे, जजने सोडला!" म्हणून. आपल्या लाडक्याचा तसाच पाव फेरा मात्र "कॅमेऱ्याचा अँगल" असतो. आणि २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकला, जिथे युना २२८.५६ चा विक्रम करून जिंकली, तिथेच पुरुषांत रशियाचा प्लुशेंको क्वाड (चार फेऱ्यांची उडी) मारूनही क्वाड नसलेल्या अमेरिकेच्या लायसाचेकच्या मागे १.३१ गुणाने राहिला. पदक घ्यायला जाताना तो मुद्दाम पहिल्या क्रमांकाच्या पायरीवर चढून मग आपल्या पायरीवर उतरला. युनाच्या चाहत्यांनी तेव्हा त्याला रडका म्हटलं होतं. चार वर्षांनी तेच आम्ही रडत होतो.

सुर्या बोनालीवर वेगळं लिहायला हवं, थोडक्यात सांगते. १९९४ ची जागतिक स्पर्धा, जपानमधलं चिबा, सुवर्ण यजमान युका सातोला. फ्रान्सची कृष्णवर्णीय बोनाली, ताकदीच्या उड्या, पण तिच्या शैलीला "कलात्मक नाही" हा शिक्का पहिल्यापासून. तिने गळ्यातलं रौप्य सगळ्यांसमोर काढलं. १९९८ मध्ये नागानोत, पदक नाहीच मिळणार हे दिसल्यावर, तिने बंदी असलेली बॅकफ्लिप, म्हणजे हवेत मागे कोलांटी, मारली आणि एका पायावर उतरली. गुण कापले गेले. २०२४ मध्ये तीच उडी नियमात बसवण्यात आली. कलात्मक म्हणजे काय हे कोण ठरवतं, त्याचं उत्तर या सव्वीस वर्षांत आहे.

पण तुम्ही अन्याय विचारलात तर माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय गुणांच्या कागदावर नव्हताच. बीजिंग ऑलिंपिक २०२२. रशियाची पंधरा वर्षांची कामिला वालियेवा, डिसेंबरमधल्या चाचणीत ट्रायमेटाझिडिन हे हृदयाचं औषध सापडलेलं, अहवाल आला तो रशियाने सांघिक स्पर्धा जिंकल्यानंतर. तरी तिला वैयक्तिक स्पर्धेत उतरू दिलं, वर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जाहीर केलं की ती पहिल्या तिघींत आली तर पदकवितरणच होणार नाही. म्हणजे उतर, पण जिंकू नकोस. ती शॉर्टमध्ये पहिली होती, फ्रीमध्ये पडत गेली, चौथी आली. बाहेर येताच कोच एतेरी तुतबेरिद्झे विचारतेय, तू झुंजणं का सोडलंस? पाच क्वाड मारून रौप्य मिळालेली त्रुसोव्हा किंचाळतेय की मला या खेळाचा तिटकारा आहे. आणि सुवर्ण जिंकलेली श्चेर्बाकोव्हा बाजूला एकटी, हातात मऊ खेळणं घेऊन उभी, तिच्याकडे कोणाचं लक्षच नाही.

पुढे वालियेवावर चार वर्षांची बंदी आली, अमेरिका आणि जपानच्या संघांना पदकं मिळाली ती थेट ऑगस्ट २०२४ मध्ये, पॅरिसच्या उन्हाळ्यात. कांस्य तरीही रशियालाच, कारण तिचे २० गुण वजा केले पण इतरांना वर सरकवलं नाही. रशिया ५४, कॅनडा ५३. कॅनडाचं अपील फेटाळलं. किमान वय आता १७ केलंय. त्या औषधाची गोळी तिच्यापर्यंत कशी पोचली आणि त्यात कोणकोण होतं, हा हिशेब मात्र एकट्या तिच्याच नावावर राहिला.

बीजिंगच्या त्या संध्याकाळी मी सवयीने वही काढली होती. आई शेजारी भाजी निवडत बसली होती. वालियेवा चेहरा झाकून रडायला लागली तशी आई म्हणाली, "गुणांचं राहू दे गं, त्या पोरीला आधी कोणीतरी जवळ घ्या." मी वही मिटली.

आणि हो, युनाचा ०.६ वाला कागद त्याच वहीत आहे. खाडाखोड करणार नाही.