टपालातून : नायिका खमकी हवी, म्हणजे नेमकी कशी?

मागच्या अंकात ‘तुमची आवडती नायिका कोण आणि का’ असं विचारलं होतं. उत्तरं थोडी आली, प्रश्नच जास्त आले. त्यांतले पाच इथे घेतले आहेत. नाव छापू नका असं बहुतेकांनी कळवल्यामुळे फक्त गावं दिली आहेत.

पुस्तकाच्या मलपृष्ठावर ‘एका खंबीर स्त्रीची झुंज’ असं छापलेलं असतं. घरी आणून वाचावं तर बाई दोनशे पानं रडते आणि शेवटच्या दहा पानांत कुणाच्या तरी थोबाडीत मारते. तीनशे रुपये पाण्यात. विकत घेण्याआधी ओळखायचं कसं?
*— एक वाचक, सेलू (जि. परभणी)*

मलपृष्ठावरचा मजकूर पुस्तक खपवण्यासाठी लिहिलेला असतो, तो वाचूच नका. दुकानात उभ्याउभ्या पाच मिनिटांत होणारी तपासणी सांगतो. पुस्तकाची तीन पानं उघडा: एक दहाव्या-बाराव्या पानाच्या आसपासचं, एक बरोबर मधलं आणि एक शेवटापासून वीसेक पानं अलीकडचं. शेवटचं पान नको, तिथे सगळ्याच नायिका खंबीर होतात. या तीन पानांवर नायिकेसाठी ‘तिला’ किती वेळा आलंय आणि ‘तिनं’ किती वेळा, ते मोजा. तिला वाटलं, तिला भरून आलं, तिला काही सुचेना, तिला सांगण्यात आलं, ही एक बाई झाली. तिनं विचारलं, तिनं नकार दिला, तिनं पैसे मोजून घेतले, तिनं धडधडीत खोटं सांगितलं, ही दुसरी. ‘ती उठली, ती निघाली’ हेही ‘तिनं’च्याच खात्यात धरा. मराठीत जिच्यावर गोष्टी येऊन आदळतात तिला बहुधा ‘ला’ चिकटतो, आणि जी काही करते तिला ‘नं’. तिन्ही पानांवर नुसती ‘तिला’चीच रांग लागली असेल तर पुस्तक जागेवर ठेवून द्या. वरच्या यादीत खोटं बोलणं मुद्दाम घातलंय. जिला लपवायला काही आहे, तिच्या डोक्यात बहुतेक वेळा काही बेतही असतो.

ही चाळणी बारीक नाही, तिच्यातून चांगली पुस्तकंही निसटतात. म्हणून पुस्तक वाचनालयातून आणलं असेल आणि पन्नास पानं झाली असतील, तर दुसरी तपासणी करा. नायिकेनं घेतलेला एखादा निर्णय गोष्टीतून काढून टाका. गोष्ट तरीही तशीच पुढे सरकते का? सरकत असेल तर बाई तोरणासारखी दाराला लावलेली आहे. अडत असेल तर पुढचं बघा: त्या निर्णयाची किंमत कोण भरतंय? घर सोडलं आणि चौथ्या दिवशी नोकरी, भाड्याची खोली, समजूतदार घरमालकीण असं सगळं हात जोडून उभं राहिलं, तर तिला लेखकानं लॉटरी लावून दिलेली आहे. ऐतिहासिक कादंबऱ्यांत हाच दोष घोड्यावर बसून येतो. हातात तलवार दिली की काम झालं, असं लिहिणाऱ्याला वाटतं. स्वारीवर जायचं की नाही हे मात्र दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं असतं.

आता निसटणाऱ्या पुस्तकांकडे येऊ. हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ मधली यमू जिंकत नाही. ती विधवा होते, तिचे केस उतरवले जातात, तिची दशा होते. मोजायला बसलात तर पानापानावर ‘मला’ सापडेल. तरी ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली ती यमूच्या तोंडून, आणि सांगण्याचा हक्क तिच्याकडे असल्यामुळे घरातल्या प्रत्येक माणसाचा न्याय तीच करते. आपल्याकडचं, म्हणजे मराठवाड्यातलं उदाहरण घ्यायचं तर रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१). खेड्यातल्या गंगाराम शिंप्याचं घर कसं उधळत जातं, हे त्याची बायको पारबती आपल्या बोलीत सांगते. घडणारं थांबवणं तिच्या हातात नाही, पण तिच्या नजरेतून काहीही सुटत नाही. नायिका स्वतः गोष्ट सांगत असेल तर ‘तिला’-‘तिनं’चा हिशेब सोडा आणि एकच बघा: ती लोकांना ओळखते का?

हातात सूत्रं असलेलीच नायिका हवी असेल, तर मूळच्या नांदेडच्या कविता महाजन यांची ‘ब्र’ (२००५) घ्या. तिच्यातली प्रफुल्ला आदिवासी भागातल्या सरपंच बायकांमध्ये काम करते. ७३व्या घटनादुरुस्तीनं बायकांना पंचायतीत जागा दिली. खुर्चीवर बसल्यावर काय होतं ते इथे दिसतं. सरपंचबाईच्या नावानं यजमानच सही ठोकतात, हे पाहिलेल्या कुठल्याही गावात ही कादंबरी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मुलगी लातूरला अकरावीत आहे, नीटची तयारी चालू आहे. क्लास, टेस्ट सिरीज, रविवारीही पेपर. हॉस्टेलवर ती उशीखाली कादंबरी ठेवते असं कळलं. ओरडावं की सोडून द्यावं?
*— एक आई, अहमदपूर*

सोडून द्या, आणि पुढच्या वेळी भेटायला जाताना आणखी एक पुस्तक घेऊन जा. फक्त मापात. छापील मराठी पानावर साधारण अडीचशे शब्द असतात. आरामात वाचलं तरी एका पानाला दोन मिनिटं पुरतात. म्हणजे झोपण्याआधीच्या वीस मिनिटांत दहा पानं. दोनशे पानांची कादंबरी तीन आठवड्यांत सहज होते आणि अभ्यासाचा तास बुडत नाही.

बिघडतं ते जाड, रहस्याच्या पुस्तकानं. प्रत्येक प्रकरणाचा शेवट पुढच्या प्रकरणात ढकलतो आणि मुलगी दोन वाजेपर्यंत जागते. तिला कथासंग्रह द्या. दहा-पंधरा पानांची गोष्ट एका रात्रीत संपते, दिवा मालवता येतो. किंवा ‘चौघीजणी’ द्या, शांता शेळके यांनी केलेला ‘लिटल विमेन’चा अनुवाद. प्रकरणं सुटी सुटी वाचता येतात. त्यातली ज्यो या वयाच्या मुलींना हमखास आवडते: तापट, लिहिणारी, केस कापून विकणारी. मूळ पुस्तकाचा पहिला भाग १८६८ मध्ये आला, तेव्हा ज्योचं लग्न शेजारच्या लॉरीशीच लावा म्हणून वाचक मुलींनी लेखिकेला, लुइसा मे अल्कॉटला, पत्रांनी भंडावून सोडलं होतं. बाईंनी ऐकलं नाही. का ऐकलं नसेल, यावर मुलीशी फोनवर बोला. टेस्टमध्ये किती पडले हे विचारून झाल्यावर बोलायला तेवढाच दुसरा विषय.

पुस्तकातून काय शिकलीस, हे मात्र विचारू नका. त्या प्रश्नानं कादंबरीचाही अभ्यासाचा आणखी एक विषय होतो. मोबाईलवरची पीडीएफही नको, तिच्या शेजारीच बाकी सगळं उघडता येतं.

आमच्या बचतगटातल्या आठ जणींनी श्रावणात पुस्तकांची भिशी सुरू केली. पहिले दोन महिने मजेत गेले, दिवाळीपर्यंत बंद पडली. कुणीच वाचून येईना. काय चुकलं?
*— एक सदस्य, वसमत तालुका*

पत्रासोबत पुस्तकांची नावं होती, त्यावरून तीन गोष्टी दिसतात.

तिसऱ्या महिन्याचं पुस्तक पाचशे पानांचं होतं आणि महिना ऑक्टोबरचा. सोयाबीनची काढणी, मागोमाग कापसाची वेचणी, त्यात दिवाळीची साफसफाई. या दिवसांत रात्री जेवणं झाली की डोळा लागतो. पाचशे पानं कोण वाचणार? पुस्तक शेताच्या वेळापत्रकावर लावा. जून-जुलै आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, फक्त कथा. मोठी कादंबरी ज्वारी घरात आल्यावर, मार्चअखेरीपासून मृगापर्यंत, आणि त्यातूनही लगीनसराईचे आठवडे वजा करा.

दुसरं, आठ जणींत एकच प्रत फिरत होती. शेवटच्या बाईच्या हाती ती पोचेपर्यंत पहिलीची गोष्ट विसरून जाते. दरमहा दीडशे रुपये काढा, आठ जणींचे बाराशे होतात. तीनशेच्या आतलं पुस्तक निवडलं तर एकाच पुस्तकाच्या चार प्रती येतात. दोघींत एक प्रत, पंधरा-पंधरा दिवस. महिनाअखेर सगळ्यांचं तेच पुस्तक वाचून झालेलं असतं. प्रती कुणाकडे राहणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. या महिन्यात चौघींना, पुढच्या महिन्यात उरलेल्या चौघींना. भिशीचा नियम सगळ्यांना पाठ असतोच, वेगळा समजावावा लागत नाही. जोड्या लावताना घरं जवळजवळची घ्या. प्रत एकमेकींकडे पोचवायला वेशीपर्यंत जावं लागलं की ती कपाटावरच राहते.

तिसरं, बैठकीत ‘कादंबरीचा आशय सांगा’ असं विचारलं जायचं. हा दहावीच्या पेपरातला प्रश्न आहे, ज्यांची शाळा सातवीला सुटली त्या पुढच्या वेळी येत नाहीत. त्याऐवजी विचारा: तिचा राग कुठल्या पानावर आला? तिच्या जागी आपली जाऊ असती तर काय बोलली असती? नवऱ्याला सांगायला नको होतं असं काय तिनं सांगितलं? पहिल्या पाच मिनिटांत आवाज चढले तर पुस्तक बरोबर निवडलंय असं समजा.

ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी दर बैठकीत एक कथा मोठ्यानं वाचा. मोठ्यानं मिनिटाला सव्वाशे शब्द होतात, म्हणून तीन हजार शब्दांची कथा पंचवीस मिनिटांत संपते. त्यापेक्षा लांब नको, लेकरं रडायला लागतात. ग्रामीण बोलीतली पुस्तकं तर मोठ्यानंच वाचावीत. डोळ्यांना अडखळायला लावणारं ‘सांच्याला’ नि ‘उलीसं’ कानाला घरचंच वाटतं. आपल्या आज्या जात्यावर ओव्या गात होत्या, तेव्हा तरी कुणाच्या हातात पुस्तक होतं?

पुस्तकांसाठी सगळे पैसे गटानंच घालावेत असंही नाही. तालुक्याच्या गावात शासनमान्य सार्वजनिक वाचनालय असतं, त्याचा दर्जा अ, ब, क किंवा ड असतो. तिथे मागणीची वही मागा आणि हवी ती नावं तारीख घालून लिहा. अनुदानाचा काही भाग पुस्तकांवर खर्च करावाच लागतो आणि पुष्कळ ठिकाणी ती खरेदी मार्चअखेर घाईघाईत उरकतात. जानेवारीत नाव लिहिलेलं असेल तर पुस्तक येण्याची शक्यता वाढते. नाहीतर ग्रंथपाल यादी पुढे करणाऱ्या विक्रेत्याकडचं मिळेल ते घेतो.

बायकांच्या कादंबऱ्या पुरुषांनी वाचाव्यात का? मित्र हसतात.
*— एक वाचक, भूम*

यमूची कादंबरी पुरुषानं लिहिली, पारबतीचीही पुरुषानंच. लिहिताना त्यांना चाललं, तर तुम्हाला वाचताना का चालू नये? उलट ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावानं आलं, तेव्हा ही बाई आहे तरी कोण म्हणून महाराष्ट्रभर गदारोळ झाला होता. ती मालतीबाई बेडेकर निघाली. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या त्या कथा पुरुषांनीही वाचल्या होत्या, नाहीतर एवढे चिडले कसे असते? मित्रांना संग्रहातली एखादीच कथा वाचायला द्या. पूर्ण पुस्तक दिलंत तर परत मिळणार नाही.

सासूबाई ६२ वर्षांच्या. रोज ‘पांडवप्रताप’ ही महाभारताची ओवीबद्ध पोथी वाचतात, पण कादंबरी हातात दिली की दोन पानांत ठेवून देतात. डोळे दुखतात म्हणतात. त्यांना गोडी कशी लावावी?
*— एक सून, अंबड*

डोळे दुखतात हे खरं असणार. पोथीतली अक्षरं मोठी, ओवी छोटी, पुष्कळशी पाठ झालेली; नजर अर्धवट वाचते, बाकीचं जीभ पुरं करते. कादंबरीत अक्षर बारीक, ओळ लांब आणि काहीच पाठ नाही. आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या. पुस्तक साधारण फूट-सव्वा फुटावर धरून स्पष्ट दिसायला हवं. हात लांब करावा लागत असेल तर नंबर बदललाय. दिव्याभोवती वलय दिसत असेल, किंवा चष्मा लावूनही धुरकट वाटत असेल, तर मोतीबिंदूची तपासणी करून घ्या. उजेड मागून, खांद्यावरून पडावा, समोरून नको. ओळ चुकत असेल तर लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची दोन बोटं रुंद पट्टी कापून ओळीखाली ठेवायला द्या. शाळेतल्या पोरांना देतात तशीच.

निवडताना दोन पुस्तकं उघडून शेजारी ठेवा आणि ज्याच्या पानावर ओळी कमी आहेत ते घ्या. सुरुवात वीस पानांच्या आतल्या कथेनं करा, आणि पहिली दोन पानं तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा. माणसांची नावं आणि नाती एकदा डोक्यात बसली की पुढचं त्या स्वतः वाचतील. पोथीची वेळ मात्र हलवू नका. सकाळची पोथी सकाळीच राहू द्या, कथा दुपारी चहानंतर. पोथीच्या बदल्यात कादंबरी, असा सौदा त्यांना कधीच पटणार नाही.

नायिका शोधायची तर ती त्यांच्याकडे आधीपासून आहे. भर सभेत द्रौपदी रडते, पण आधी प्रश्न विचारते: धर्मराज स्वतःला आधी हरले की मला आधी पणाला लावलं? स्वतःच हरलेल्या माणसाला बायको पणाला लावायचा हक्क कुठून आला? भीष्मांनाही सरळ उत्तर देता येत नाही. तो अध्याय वाचून झाला की त्याच दुपारी सासूबाईंना विचारा, तिथे तुम्ही असता तर काय म्हणाला असता. उत्तर आलं की ‘पाचोळा’ची पहिली दोन पानं वाचायला घ्या.