चित्र काढून मन कसं बरं होणार?

प्रश्न : ताई, माझी थेरपिस्ट हल्ली मला चित्रं काढायला सांगते, मला तर साधं झाडही जमत नाही, यात उपचार कुठेय?

उत्तर : अगं, चित्र चांगलं यायची गरजच नाहीये! डोनाल्ड विनिकॉट नावाचे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते, ते मुलांसोबत एक खेळ खेळायचे, म्हणजे स्वतः कागदावर वेडीवाकडी रेघ ओढायची आणि मुलाला म्हणायचं याचं काहीतरी कर, मग मूल रेघ ओढणार आणि विनिकॉट त्याचं काहीतरी करणार, आणि त्यातनं थेट विचारलं असतं तर जे कधीच आलं नसतं ते हळूहळू बाहेर यायचं. थेरपिस्टलाही खेळता आलं पाहिजे, असं ते ठामपणे म्हणायचे आणि मला ते अगदी पटतं, कारण प्रत्येकाला तेच ठरलेले प्रश्न विचारून भागत नाही, समोरच्या माणसासाठी नवीन वाट शोधावीच लागते. अर्थात थेरपिस्टने मनाला येईल ते करणं म्हणजे क्रिएटिव्हिटी नव्हे. "हे कशासाठी करतोय?" असं तिला सरळ विचार, तो तुझा हक्कच आहे. आणि चित्र काढताना लाज वाटत असेल ना, तर तेही सांग, कदाचित खरं बोलणं तिथूनच सुरू होईल.