आजीने ‘थँक यू’ का म्हटले नाही?

चि. ईरा हिला अनेक उत्तम आशीर्वाद.

डोंबिवलीहून लंडनला परतल्यापासून तू दोनदा विचारलेस, की दादरला जाताना ज्या ताईने आजीला लोकलमध्ये जागा दिली तिला आजीने साधे ‘थँक यू’ही का म्हटले नाही. तोंडी सांगण्याऐवजी लिहून देते आहे, म्हणजे तुझे मराठी वाचनही होईल.

ती जागा ताईने कशी मिळवली होती, हे आधी समजून घे. लोकलचे बाक तिघांसाठी असते. चौथीने कडेला टेकून, पाय वाटेत ठेवून बसायचे, ही ‘चौथी सीट’ कोणत्याही नियमात लिहिलेली नसली तरी ती नाकारणारी बाई डब्यात उद्धट ठरते. उभ्या बायका बसलेल्यांना ‘कुठे उतरणार?’ असे विचारतात, आणि ‘ठाणे’ असे उत्तर मिळाले की ती जागा विचारणारीची झाली. नंतर दुसरी कोणी आली, तर बसलेलीच सांगते, ‘यांनी आधी विचारलंय.’ चिठ्ठी नाही, नंबर नाही, पण सकाळच्या गर्दीतही हा शब्द बहुधा पाळला जातो. ताईने ठाण्यापर्यंत उभे राहून मिळवलेली ती जागा आजीला दिली आणि पुढचा सगळा प्रवासही ती उभीच राहिली.

आता आजीचे. बसताक्षणी ‘दे गं ती बॅग इकडे’ म्हणून तिने ताईची बॅग मांडीवर घेतली, हे तूच मला सांगितलेस. खांद्यावरचे ओझे उतरले की उभे राहण्याचा निम्मा शीण जातो, हे मी सहा वर्षे त्याच मार्गाने नोकरीला गेले असल्यामुळे खात्रीने सांगते. आजीच्या पिढीला ‘धन्यवाद’ हा शब्द सभेत किंवा पत्राच्या शेवटी शोभतो असे वाटते. समोरच्या माणसाला तो म्हटला, तर हिशेब मिटवून त्याला परके केल्यासारखे होते. ताईला ‘बॅग दे’ यातच सगळे पोहोचले असणार.

लोकलमध्ये सगळेच असे वागतात, असे मात्र समजू नकोस. मैत्रिणींसाठी जागा अडवून ठेवणारे गट मी पाहिले आहेत, आणि एकदा एक मावशी समोर उभ्या असताना मी स्वतः झोपेचे सोंग घेतले होते. त्याची मला अजून लाज वाटते. शिवाय तू पोटात असताना इथल्या ट्यूब रेल्वेत ‘बेबी ऑन बोर्ड’चा बिल्ला लावल्यामुळे तोंडाने जागा मागावी लागत नव्हती, याचे मला फार बरे वाटे.

तुला एका काकूंनी ‘कुठे उतरणार?’ म्हणून विचारले आणि अनोळखी माणसाला काही सांगायचे नाही म्हणून तू गप्प राहिलीस, त्याचेही उत्तर यातच आहे. त्यांना तुझा पत्ता नको होता, तुझी जागा हवी होती. पुढच्या वेळी ‘दादर’ एवढेच सांग आणि कुर्ला गेले की ऊठ, नाहीतर दादरच्या गर्दीत तुला दारापर्यंत पोहोचता येणार नाही.

तुझी,
आई