शब्दशंका : ‘ताई’ नेमकी कोण?

प्रश्न : माझी नात तिसरीत आहे. तिच्या कन्नडच्या पुस्तकात ‘तायि’ म्हणजे आई. आमच्या घरी ताई म्हणजे तिची थोरली बहीण, तर शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या कुटुंबात मुले थोरल्या काकूंना ताई म्हणतात. हा शब्द मुळात एकच आहे का? — एक आजोबा, निपाणी

उत्तर : आजोबा, हा शब्द एकच नाही. हिंदीतील ताई ही ‘ताऊ’ची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची पत्नी; ताऊ हा संस्कृत ‘तात’पासून आला आहे, आणि आपल्याकडचे तात्याही त्याच गोतातले.

कन्नड ‘तायि’चे घराणे मात्र द्राविडी आहे. जुन्या तमिळमध्ये ‘याय्’ म्हणजे माझी आई, ‘ञाय्’ म्हणजे तुझी आई आणि ‘ताय्’ म्हणजे त्याची किंवा तिची आई, असा तीन पुरुषांचा भेद शब्दातच होता. पुढे तो भेद मावळला आणि ‘ताय्’ हाच आईसाठी सर्वसाधारण शब्द झाला. कन्नडमध्ये मातृभाषेला ‘ताय्नुडि’, मातृभूमीला ‘ताय्नाडु’ आणि सावत्र आईला ‘मलतायि’ म्हणतात, ते त्यावरूनच.

मराठी ताईला काही जण ‘तात’शी जोडतात, मला ती कन्नडच्या अंगणातून आली असावी हेच अधिक पटते, कारण अक्का, अण्णा, अप्पा ही आपल्या घरातली आदराची नावे त्याच बाजूने आलेली आहेत. आईचा शब्द बहिणीकडे कसा गेला, अशी शंका येईल, पण नात्याच्या शब्दांत असे पुष्कळदा घडते. कन्नडमध्ये अक्का ही थोरली बहीण, आणि बाराव्या शतकातील वचनकार, म्हणजे ‘वचने’ रचणाऱ्या कन्नड संतकवयित्री, महादेवींना ‘अक्का’ म्हणतात ते त्याच आदराने. संस्कृत व्याकरणात मात्र ‘अक्का’ हा आई या अर्थाच्या शब्दांत मोडतो, म्हणून ‘अम्बा’चे संबोधन ‘हे अम्ब’ तसे त्याचे ‘हे अक्क’ होते. आईच्या पाठोपाठ धाकट्यांना सांभाळणारी थोरली लेकच असते, त्यामुळे ही दोन नाती शब्दांतही एकमेकींजवळ राहिली आहेत.

आपल्या सीमाभागातील बाजारात तर हा प्रवास आजही ऐकू येतो. कन्नड विक्रेता अनोळखी बाईला आदराने ‘तायि’ म्हणतो आणि मराठी गिऱ्हाईक ते ‘ताई’ असे ऐकून ओ देते. एकाने आई म्हटले, दुसरीने बहीण ऐकले, आणि मान दोन्हीकडे सारखाच राहिला.

नातीला एवढे जरूर सांगा की, कन्नडच्या वहीत थोरल्या बहिणीसाठी ‘अक्का’ लिहावे आणि ‘तायि’ आईसाठी ठेवावे, जरी तिच्या वर्गातील कन्नड मैत्रिणी घरी आईला ‘अव्वा’ अशी हाक मारत असल्या तरी.