कैलास-मानसरोवर यात्रेत लागणारं तकलाकोट हे गाव चिन्यांनी वसवलेलं आहे का? त्याला काही जुना इतिहास आहे का?

तुम्हाला असं का वाटलं ते कळतं. 2016 साली लिपुलेख खिंडीतून उतरून बसने तिथे पोहोचलो, तेव्हा माझंही पहिलं मत तेच झालं होतं. सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते, एकाच साच्यातल्या इमारती, आणि आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असलेलं घड्याळ. पण हा वरचा थर तेवढा नवा आहे. गाव हजार वर्षांपूर्वीपासूनचं.

आधी नावाचं बघू. तकलाकोट म्हणतो आपण, तिबेटी लोक पुरंग म्हणतात. जुन्या गढीचं नाव तकलाखर, त्यातल्या ‘खर’चा अर्थ किल्ला. आपल्या लोकांनी त्याचं ‘कोट’ केलं, म्हणजे अर्थ राखूनच! सुमारे 3,900 मीटर उंचीवरचं हे गाव म्हणजे एक तिठा आहे. एक वाट लिपुलेखवरून कुमाऊँत उतरते, दुसरी कर्णाली नदीच्या काठाने नेपाळात जाते आणि तिसरी गुर्ला मांधाता शिखराच्या बाजूने मानसरोवराकडे. गावाचं बरंवाईट जे काही झालं ते या तिठ्यामुळेच.

नवव्या शतकात तिबेटचं साम्राज्य मोडलं. त्या राजघराण्यातला क्यिदे न्यिमागोन पश्चिमेकडे निघून आला आणि दहाव्या शतकात त्याने पुरंगमध्ये बस्तान बसवलं. पुढे त्याच्या मुलांत वाटण्या झाल्या, त्यातून लडाखचं राजघराणं निघालं. म्हणजे लडाखच्या राजांचं मूळ गाव हेच. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण नऊशे वर्षांनी हेच नातं उकरून काढून एक सेनापती इथे चालून आला.

तो म्हणजे जम्मूच्या गुलाबसिंगाचा सरदार जोरावरसिंग. लडाख आणि बाल्टिस्तान जिंकून झाल्यावर त्याची नजर लोकरीच्या व्यापाराकडे वळली. पश्चिम तिबेट पूर्वी लडाखचा होता, तेव्हा आता तो आमचा, असा त्याचा दावा. 1841 च्या उन्हाळ्यात निघून सप्टेंबरात त्याने तकलाकोट घेतलं. लढाईत तो कुठे कमी पडला नाही, पण खिंडी बर्फाने बंद झाल्यावर परतीची वाट आणि रसद दोन्ही तुटली. ऊब मिळवायला शिपायांनी बंदुकांचे लाकडी दस्ते जाळले, असं इतिहासकार कनिंगहॅमने लिहून ठेवलंय. 12 डिसेंबर 1841 रोजी जवळच्याच तोयो गावाशी जोरावरसिंग पडला. त्याची समाधी तिथे दाखवतात. उमेद असलेला माणूस हंगामाचा हिशेब चुकल्यामुळे संपला, असं माझं मत. पुढच्याच वर्षी चुशूलचा तह झाला आणि सीमा जुन्या जागी गेली.

गाव खरं जगलं ते मात्र बाजारावर. कुमाऊँच्या ब्यांस खोऱ्यातले शौका व्यापारी, म्हणजे गर्ब्यांग-गुंजीकडचे लोक, उन्हाळ्यात खिंड ओलांडून धान्य, गूळ आणि कापड आणायचे. जाताना मीठ, लोकर, टाकणखार न्यायचे. ओझं मेंढ्याबकऱ्यांच्या पाठीवर, छोट्या पिशव्यांत. मंडीत नुसत्या दगडी भिंती उभ्या असायच्या, हंगामापुरतं त्यावर कापडाचं छत घालायचं. प्रत्येकाचा तिबेटी व्यवहारी, म्हणजे देवघेवीतला जोडीदार, ठरलेला असे आणि ते नातं बापाकडून मुलाकडे जाई. 1954 च्या भारत-चीन करारात तकलाकोटचं नाव बाजारपेठ म्हणून आणि लिपुलेखचं नाव वाट म्हणून लिहिलेलं आहे. 1962 च्या युद्धानंतर सगळं ठप्प. सिंबिलिंग हा इथला मोठा मठ, तो सांस्कृतिक क्रांतीत उद्ध्वस्त झाला. 1981 मध्ये यात्रा पुन्हा सुरू झाली, 1992 मध्ये थोडासा व्यापारही.

तुम्ही जाणार असाल तर खोजरनाथचा मठ चुकवू नका, गावापासून वीसेक किलोमीटरवर, कर्णालीकाठी आहे. आतल्या तीन मूर्ती मंजुश्री, अवलोकितेश्वर आणि वज्रपाणि या बोधिसत्त्वांच्या. आपले यात्रेकरू त्यांना राम-लक्ष्मण-सीता म्हणून हात जोडतात. आमच्या तुकडीतल्या एका काकूंनी तर तिथे रामरक्षाही म्हटली. लामाने शांतपणे ऐकून घेतली आणि संपल्यावर त्यांच्या हातात प्रसाद ठेवला.

त्याच संध्याकाळी बाजारात धारचुल्याकडचा एक व्यापारी भेटला. मिश्री, गूळ असा माल मांडून बसलेला. आजोबांचा इथला व्यवहारी कोण होता, असं मी विचारलं. त्याने लगेच नाव सांगितलं, गावही सांगितलं. ‘मग त्यांच्याकडे गेलात का?’ म्हटलं, तर समोरच्या सिमेंटच्या इमारतींकडे बोट करून म्हणाला, ‘यातलं घर कुठलं, ते सांगणारं कोणी भेटलं नाही अजून.’