मे महिन्यात साल्हेर किल्ल्यावर मुक्काम आहे, वर रेंज नसेल तर पाऊस येणार हे कसं ओळखायचं?

मे म्हणजे वळवाचा पाऊस, आणि तो बहुतेक दुपारनंतरच गाठतो. सकाळचं निरभ्र आकाश बघून फसू नका. दहा-अकरालाच ढग फुलकोबीसारखे उंच चढू लागले, तर दुपार बिघडणार असं धरून चाला. ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरला, तळ काळा पडला आणि घामाच्या धारांत अचानक गार झोत आला, तर हातात फार वेळ नाही. तेव्हा गडाचा माथा सोडायचा, फोटो नंतर.

वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला की उघड्यावर, एकट्या झाडाखाली किंवा गुहेच्या तोंडाशी थांबू नका. तंबूही वाचवत नाही.

नाशिकहून निघताना हवामान खात्याचा अंदाज आणि विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप बघाच, पण ते रेंज असेपर्यंतच. साल्हेर १५६७ मीटर, म्हणजे शहरापेक्षा सहाएक अंश गार. भिजल्यावर वाऱ्यात दात वाजतात, मे असला तरी! कोरडा शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. आणि पायथ्याच्या गावात एखाद्या आजोबांना विचारून वर चढा, मी तरी तेच करतो.